नोटीस हाती पडल्यावर

काम जाणार असे कळले की राग येणारच, आणि तो रास्त आहे. तरी शेवटच्या दिवसापर्यंत हजेरी आणि काम चोख ठेवावे. अर्धवट टाकलेल्या कामावर हिशेबाच्या वेळी पहिले बोट ठेवले जाते.

सलग वर्षभर नोकरी झालेल्या कामगाराला कपातीपूर्वी महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन मिळायला हवे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातली ही तरतूद २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. पाच वर्षे भरली असतील तर ग्रॅच्युइटी वेगळी मागावी. घरी विड्या वळणाऱ्या बायकांनी ओळखपत्र, पासबुक आणि भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक जपून ठेवावा. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने त्यांनाही कामगार मानले होते.

राग आवरून काम चोख ठेवायचे, पण निपाणीसारख्या तंबाखूच्या गावात संयम म्हणजे मुकाट सोसणे नव्हे. इथल्या तंबाखू वखारींतल्या स्त्रियांनी संघटना बांधली, संप केला. 'युगांतर' या गटाने १९८२ मध्ये त्यांच्यावर माहितीपट काढला. म्हणून कामावरून काढल्याचा तोंडी निरोप आला तर तो लेखी मागा, आणि न वाचलेल्या राजीनाम्यावर सही करू नका.