'किमान' या शब्दाची किंमत

परवा बचत गटाच्या बैठकीत एका मैत्रिणीने विचारलं, "ताई, घटना म्हणजे काळ्या दगडावरची रेघ ना? मग ती बदलते कशी?" मी म्हटलं, "अगं, तू ग्रामपंचायतीत निवडून आलीस ती त्या बदलामुळेच!"

घटना दुरुस्त कशी करायची, हे घटनेच्याच ३६८ व्या कलमात आहे. संसदेच्या प्रत्येक सभागृहात हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मतं हवीत, शिवाय ती एकूण सदस्यांच्या निम्म्याहून जास्त हवीत. १९९३ साली ७३ वी दुरुस्ती लागू झाली नि पंचायतीत बायकांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. त्यात 'किमान' होतं म्हणूनच महाराष्ट्राला २०११ मध्ये साध्या कायद्याने त्या निम्म्या करता आल्या. एवढासा शब्द, पण केवढं काम करून गेला!

लोकसभा-विधानसभेसाठी मात्र १०६ वी दुरुस्ती यायला २०२३ उजाडलं. तिलाही जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेची अट! मला काही ती पटली नाही.

मैत्रीण हळूच म्हणाली, "पण ताई, मासिक सभेला अजून आमचे हेच जातात."

मी पुढच्या सभेची तारीख विचारून घेतली. दारापर्यंत तिच्यासोबत जाणार आहे.