आयोडीनची कसोटी व जुन्या कागदाची खळ

जुना कागद हातीं आला म्हणजे संग्राहक प्रथम अक्षर पाहतो, मग शिक्का, मग मिति. हें सारें ज्यावर उमटलें आहे त्या कागदाकडे लक्ष जातें तें सर्वांच्या शेवटीं. आणि लक्ष गेलें कीं कोणाकोणास तो रसायनानें तपासण्याची हौस येते. या तपासणींत सर्वांत सोपी, आणि म्हणूनच सर्वांत धोक्याची, कसोटी आयोडीनची होय. ती काय सांगते व काय सांगत नाहीं, एवढेंच येथें मांडावयाचें आहे.

हें लिहिण्यास एक निमित्त आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका गृहस्थांनीं आपल्या संग्रहांतील एक मोडी पत्र मला दाखविलें. मितीच्या ओळीवर रुपयाएवढा तपकिरी डाग होता. पत्र अस्सल कीं बनावट असा वाद पडला असतां त्यांनीं औषधाच्या कपाटांतील टिंक्चर आयोडीनचा थेंब त्यावर टाकला. जागा निळीकाळी झाली, आणि ‘जुन्या कागदास खळ असते, तस्मात् पत्र अस्सल’ असा निकाल लागला. मीं पत्र उलटून पाहिलें, तों त्याच जागीं मागील अंगास आधारासाठीं पातळ कापड चिकटविलेलें! निळा रंग आला तो मूळ कागदाच्या खळीचा, कीं दुरुस्तीच्या खळीचा? सांगण्यास मार्ग उरला नव्हता. शिवाय शाई फुटल्यामुळें सुहूर सनाचा एकक-शब्द ‘सब्बा’ कीं ‘तिसा’ हें आतां वाचतां येत नाहीं. सत्यता ठरविण्याचें जें खरें साधन, तेंच या परीक्षेंत नाहींसें झालें.

आयोडीनचा शोध इ. स. १८११ त फ्रान्समध्यें बर्नार कूर्त्वा यांस लागला. नेपोलियनच्या युद्धांमुळें बंदुकीच्या दारूस लागणाऱ्या सोऱ्याची निकड होती. त्या कामीं समुद्रशेवाळाची राख वापरीत असतां तिच्यांतून जांभळी वाफ निघाली. पुढें १८१४ त कोलँ व गोतिये द क्लोब्री यांनीं पिष्टाशीं आयोडीनचा निळा रंग होतो हें प्रसिद्ध केलें. पिष्ट म्हणजे तांदूळ, गहूं, बटाटा इत्यादिकांतील सत्त्व. त्यांत दोन प्रकारची द्रव्यें असतात. एकाची लांब सांखळी तारेच्या वेटोळ्यासारखी वळलेली असते; आयोडीन त्या वेटोळ्याच्या पोकळींत शिरून बसतें व गर्द निळा रंग उत्पन्न होतो. दुसऱ्यास फांद्या फार. तें तांबूस जांभळा रंग देतें. ऊन पाण्यांत निळा रंग जातो व निवल्यावर परत येतो. घरीं भाताच्या पेजेंत थेंब टाकून हें कोणासही पाहतां येईल. झाडाचें हिरवें पान उकळून, मद्यार्कांत त्याचा हिरवा रंग काढून टाकल्यावर तेंही आयोडीननें निळें पडतें. उन्हांत त्यानें केलेलें पिष्ट तेथें सांपडतें.

आतां कागदाकडे वळूं. खळ नसलेला कागद शाई टिपून घेतो. त्यावर लेखणी चालत नाहीं. म्हणून दौलताबादजवळील कागजीपुऱ्यांत काय, जुन्नरांत काय, आपल्याकडील हातकागदास तांदळाची वा गव्हाची खळ देऊन, वाळवून, गुळगुळीत दगडानें घोटण्याची चाल होती. ही विद्या मुसलमानी देशांतील कागदकरांकडूनच इकडे आली. व्हिएन्ना येथील वनस्पतिशास्त्रज्ञ युलियुस वीस्नर यांनीं इजिप्तमधील फय्यूम येथें सांपडलेले अरबी कागद सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून १८८७ च्या सुमारास दाखविलें कीं, ते पिष्टानें खळविलेले आहेत. आणि जुने अरबी कागद कच्च्या कापसाचे असत हा तोंवर रूढ असलेला समज खोटा असून ते चिंध्यांचे आहेत. इतिहासाचा एक मोठा गैरसमज या लहानशा परीक्षेनें दूर झाला, हें तिचें श्रेय मान्य केलेंच पाहिजे. यूरोपांत मात्र इटलींतील फाब्रियानो येथें तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत पिष्टाऐवजीं जनावरांचा सरस वापरण्यास आरंभ झाला. कंपनी सरकारच्या काळच्या पत्रांत व्हॉटमन वगैरे जलचिन्हांचे कागद आढळतात, ते या सरसाचे. त्यांवर आयोडीन पिवळट तपकिरीच राहतें. १८०७ त इलिग यांनीं राळ व तुरटी यांची कृति प्रसिद्ध केली व पुढें यंत्राच्या कागदांत ती रूढ झाली.

येथपर्यंत ऐकून संग्राहकास वाटेल कीं, मग निळा म्हणजे देशी व जुना, पिवळा म्हणजे विलायती वा नवा. नेमकी येथेंच चूक होते. गिरणीच्या कागदांतही पिष्ट घालतात; आजच्या साध्या कचेरीच्या कागदावर आयोडीनची रेघ ओढली तर ती काळी उमटते. बनावट नोटा ओळखण्याची लेखणी याच गुणावर चालते: पुष्कळ देशांतील नोटांच्या कापसाच्या कागदांत पिष्ट नसतें, म्हणून तेथें काळी रेघ ही लबाडीची खूण. तोच रंग नोटेस खोटी ठरवितो आणि आमचे मित्र त्याच रंगावर पत्रास अस्सल ठरवितात! रंगाचा दोष नाहीं. पिष्ट आहे यापलीकडे तो कांहींच बोलत नाहीं.

उलटपक्षीं रंग न आल्यानें खळ नव्हतीच असेंही होत नाहीं. कागदावरील आम्लानें व बुरशीनें पिष्टाची सांखळी तुटते. मग निळ्याऐवजीं तांबूस छटा येते, किंवा कांहींच येत नाहीं. कसर तर खळीवरच जगते व पृष्ठभाग खरवडून नेते. दमट जागीं राहिलेल्या पोथीचें एक पान निळें व दुसरें कोरें निघालें तर दुसरें पान मागाहून घातलें असें म्हणण्याची घाई करूं नये.

मग उपयोग कोणता? तुलनेचा. एकाच बाडांतील बंदांचे आधींच सुटलेले तुकडे तपासून ते एका जातीचे आहेत कीं नाहींत याविषयीं अनुमान करतां येतें. फाटलेल्या कडेच्या धाग्यांत निळेपणा दोन्ही पृष्ठांस असून मध्य पांढरा राहिला तर खळ वरून दिलेली. आरपार निळें झाल्यास ती आंत मुरलेली किंवा लगद्यांतच घातलेली. एकाच बाजूस दाट दिसल्यास दुरुस्तीचा संशय प्रथम घ्यावा. खळीचे कांहीं कण न शिजतां राहिले असल्यास सूक्ष्मदर्शकांत गहूं व तांदूळ यांचा भेदही कळतो, कारण तांदळाचे कण बारीक व कोनेदार, आणि गव्हाचे मोठे कण भिंगासारखे असतात.

परीक्षा मूळ पत्रावर कधींही करूं नये. कारण साधें आहे. आपली जुनी शाई काजळीची, डिंकांत बांधलेली. डिंक पाण्यांत सुटतो व अक्षर पसरतें. निळा डाग हवेंत कांहीं दिवसांनीं फिका पडतो खरा, परंतु द्रावणांतील क्षार कागदांतच राहतात व पुढें पिवळेपणा आणतात. म्हणून गळून पडलेला, अक्षर नसलेला समासाचा तंतु सुईनें कांचेवर घ्यावा. एक भाग आयोडीन व दोन भाग पोटॅशियम आयोडाइड प्रथम थोड्या पाण्यांत विरवून, मग पाणी घालून एकूण तीनशें भाग करावे. हें द्रावण आणखी पातळ करून फिक्या चहाच्या रंगाचें वापरावें. शेजारीं दोन नमुने ठेवावे: एक बिनखळीचा टिपकागद, दुसरा आपणच पेज लावून वाळविलेला. हे दोन बरोबर वठल्याखेरीज तिसऱ्याचा निर्णय घेऊं नये. आणि जेवून उठल्यावर हात नीट न धुतां परीक्षेस बसूं नये, कारण बोटांवरील भाताचा अंशही निळा होतो. ही थट्टा नव्हे.

काम संपल्यावर आयोडीनची बाटली दप्तराच्या कपाटांत कधींही ठेवूं नये. आयोडीनची वाफ बुचांतूनही सुटते, आणि खळीच्या कागदांस ती न बोलावतां जाऊन लागते.