पावतीपुस्तक

गिरगावातील एखाद्या जुन्या चाळीच्या उत्सव मंडळाची ओळख ज्याला करून घ्यावयाची आहे, त्याने भाद्रपदात, मखराच्या रोषणाईत आणि ढोलताशांच्या गजरात तेथे जाऊ नये, असे माझे या कामात पस्तीस वर्षे घालविल्यानंतरचे प्रामाणिक मत आहे. त्याने जावे ते आषाढ सरता सरता, एखाद्या ओल्या संध्याकाळी, जेव्हा तळमजल्यावरील खोलीत चार माणसे एका गंजक्या ट्रंकेभोवती मांडी घालून बसलेली असतात, छत्र्या दाराशी निथळत असतात, आणि छापखान्यातून नुकतीच आलेली पावतीपुस्तके एकेक करून मोजली जात असतात. शंभर पावत्यांचे एक पुस्तक. पानाच्या डाव्या अंगाला स्थळप्रत, मध्ये भोकांची रेघ, उजवीकडे देणाऱ्याच्या हाती पडावयाची पावती. माथ्यावर गजाननाचा किंचित फिकटलेला ठसा, त्याखाली स्थापनेचे साल व नोंदणीचा क्रमांक, आणि मग अमुक यांजकडून अक्षरी इतके रुपये साभार पोहोचले, हा मजकूर. ज्या कार्यकर्त्याच्या हाती पुस्तक जाईल त्याने वहीत सही करावयाची, शेवटच्या पावतीपर्यंतच्या स्थळप्रती परत आणावयाच्या, आणि लिहिताना चुकलेली पावतीसुद्धा फाडून न टाकता तिच्यावर ‘रद्द’ असा शेरा मारून जागच्या जागी ठेवावयाची. या नियमात भक्तीचा लवलेश नाही. परंतु मंडळ उभे आहे ते या नियमावर.

मुंबईतील पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली गिरगावातच, केशवजी नाईक यांच्या चाळीत झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टात शहराने मोठा दंगा पाहिला होता; लोकमान्य टिळकांनी देवघरातील गणपतीला चौकात आणण्याची जी कल्पना उचलून धरली, तिच्यामागची परिस्थिती सर्वश्रुत आहे. १९०१ साली लोकमान्य स्वतः त्या चाळीच्या उत्सवाला आले होते, ही गोष्ट गिरगावकर आजही काल घडल्यासारखी सांगतात. उत्सवाच्या इतिहासकारांनी मेळ्यांविषयी, मेळ्यांतील राजकीय पदांविषयी आणि सरकारने त्यांवर घातलेल्या निर्बंधांविषयी पुष्कळ लिहिले आहे व ते योग्यच आहे. परंतु गणपती घराबाहेर आला त्या क्षणी जी एक साधी, रोकडी अडचण उपस्थित झाली, तिच्याकडे त्यांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. घरातील गणपतीचा खर्च घरधनी करतो, आणि त्याला हिशेब विचारण्याची कोणाची प्राज्ञा नसते. चौकातील गणपतीचा धनी कोण? ज्याने आठ आणे दिले तोही धनी, ज्याने पाच रुपये दिले तोही धनी. आणि धनी झाला की तो हिशेब विचारणारच. वर्गणी, पावती, खजिनदार, हिशेबतपासनीस आणि वार्षिक सभा ही सारी प्रजा त्या एका प्रश्नाची आहे, आणि माझ्या समजुतीप्रमाणे आपल्याकडील सामान्य कारकुनाला, गिरणीकामगाराला व दुकानातील नोकराला लोकसत्तेचा पहिला धडा मतपेटीच्या कितीतरी आधी या पावतीपुस्तकानेच दिला.

या कामाला चाळीची रचनाही अनुकूल पडली. वरळी, नायगाव, शिवडी आणि आताचा ना. म. जोशी मार्ग येथे सरकारने १९२० नंतर ज्या बीडीडी चाळी उठविल्या, त्यांतील खोली साधारण १६० चौरस फुटांची. गिरगावातील खाजगी मालकांच्या खोल्याही याहून फार ऐसपैस होत्या अशातला भाग नाही. एवढ्या जागेत सहा-आठ माणसांचे बिऱ्हाड मावायचे, तर त्यातील निम्मे गॅलरीत राहणार हे उघडच होते. आणि गॅलरी ही सर्वांची. पुढे १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या सप्टेंबरातील आकड्यावर गोठविली, तेव्हा दोन गोष्टी एकदम घडल्या: भाडेकरू जागचा हलेनासा झाला, आणि मालकाचे इमारतीवरील लक्ष उडाले. तीन-तीन पिढ्या एकाच जिन्याने चढ-उतार करू लागल्या, आणि त्या जिन्यावरील दिवा गेला तर तो कोणी लावावयाचा, हा प्रश्न मालकाच्या दिवाणजीकडून सुटून उत्सव मंडळाच्या सभेत येऊन पडला. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली प्रसिद्ध झाली तेव्हा सारा महाराष्ट्र खदखदून हसला. आम्ही चाळकरी किंचित बेताने हसलो, कारण आमच्या ट्रंकेतील इतिवृत्ताची वही याहून फारशी निराळी नव्हती. तिसऱ्या मजल्यावरील दिव्याचा विषय आमच्याकडे तीन सभांतून तहकूब होत गेला, दरम्यान कोणीतरी गुपचूप पदरच्या पैशांनी दिवा लावला, आणि चौथ्या सभेत त्या अज्ञात दात्याच्या अभिनंदनाचा ठराव एकमताने संमत झाला. ठरावाला अनुमोदन देणारा गृहस्थ तोच होता, हे पुष्कळांना ठाऊक होते.

वर्गणीला निघावयाचे ते संध्याकाळी सातनंतर, कचेरीतील माणसे गाडीने परतून चहा घेऊन बसल्यावर. एकट्याने कधी जाऊ नये. एक वडीलधारा बोलायला, एक बऱ्या अक्षराचा लिहायला, आणि एक शाळकरी पोर, ज्याला पुढच्या पंधरा वर्षांनी हे काम करावयाचे आहे. सुरुवात वरच्या मजल्यापासून करावी, म्हणजे थकवा आला तरी उतरणच असते. घरात बसू नये आणि पावती फाडण्यापूर्वी चहाला ‘हो’ म्हणू नये, कारण चहा पोटात गेलेल्या माणसाला गेल्या वर्षीपेक्षा रुपया अधिक मागण्याचा धीर होत नाही. कोणत्या दाराशी काय ऐकावे लागेल हे अनुभवी माणसाला आधीच ठाऊक असते: एक जण गेल्या वर्षीच्या आरासीवर टीका करून मगच खिशात हात घालील, दुसरा ‘ह्यांना येऊ द्या’ असे आतून कळवील, आणि ते ‘हे’ दाराआडच उभे असतील.

दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातील खोलीत, एक वृद्ध बाई एकट्या राहत. सारी चाळ त्यांना आजी म्हणे. दरवर्षी ठरलेले दोन रुपये त्या रुमालाच्या गाठीतून काढून देत, आणि डोळ्यांना दिसत नसल्यामुळे पावतीवरील अक्षर न् अक्षर आमच्याकडून मोठ्याने वाचवून घेत. एका वर्षी आमच्यातील एका कनवाळू तरुणाला वाटले की या म्हातारीचे दोन रुपये काय घ्यावयाचे. त्याने स्वतःचे पैसे पुस्तकात धरले, पावती आजींच्या नावे लिहिली आणि नुसती हातात ठेवून तो पुढे गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी कठड्याला धरून, एकेक पायरी चाचपीत खाली आल्या. एका हातात पावती, दुसऱ्या हातात रुमाल. त्या तरुणाला त्या एवढेच म्हणाल्या, “बाळा, पैसे न घेता पावती दिलीस, म्हणजे मला चाळीच्या जमेतून वजा केलेस की रे.” त्यांचे दोन रुपये त्याने घेतले. त्यानंतर आमच्या मंडळात कोणाची वर्गणी परस्पर भरण्याची पद्धत बंद झाली, ती आजतागायत.

‘सार्वजनिक’ या शब्दात सर्व जन येतात की नाही, हा प्रश्न मात्र आजींच्या दोन रुपयांइतक्या सहजासहजी सुटला नाही. गिरगाव-दादरच्या कित्येक चाळी जातवार वसलेल्या होत्या, आणि त्यांची मंडळेही तशीच होती. १९२६ साली दादरच्या सार्वजनिक गणपतीची पूजा अस्पृश्य हिंदूलाही करता आली पाहिजे, असा आग्रह प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर बोले प्रभृतींनी धरला, डॉ. आंबेडकरही त्या प्रसंगी उपस्थित होते. त्या वादातून दादरला नवरात्रोत्सवाचा निराळा पायंडा पडला. पावतीवर नावाचा रकाना असतो, रकमेचा असतो, जातीचा नसतो. परंतु रकाना नसला म्हणून माणसांच्या मनातील नोंद पुसली जाते असे नाही, हे त्या प्रकरणावरून दिसते. स्त्रियांची गोष्टही फार वेगळी नाही. मोदकांची, हळदीकुंकवाची आणि रांगोळ्यांची सारी जबाबदारी त्यांच्यावर, आणि कार्यकारिणीच्या यादीत त्यांचे नाव नाही, असा आमचा कारभार कित्येक दशके बिनदिक्कत चालला. आमच्याकडे पहिल्या महिला खजिनदार आल्या त्या वर्षी ‘किरकोळ खर्च’ या सदराखालील रक्कम निम्म्याने उतरली. याचे स्पष्टीकरण अद्याप कोणी मागितलेले नाही व आम्ही ते देऊही इच्छीत नाही.

मी खजिनदार झालो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. आरतीच्या ताटात पडलेली नाणी रात्री अकराच्या पुढे सतरंजीवर ओतून त्यांच्या चवडी लावावयाच्या, बोटांना कुंकू आणि तेल लागलेले, शेजारी निरांजन विझत आलेले, असे ते काम असे. सातव्या रात्री किर्दीप्रमाणे हाती असावयास हवी होती त्यापेक्षा अकरा रुपये शिल्लक कमी भरली. तीनदा मोजले, अकरा रुपये कमी ते कमीच. माझी छाती झाली नाही. मी सकाळी घरून अकरा रुपये आणले, पेटीत टाकले आणि सुटलो असे समजलो. उत्सवानंतर आमचे हिशेबतपासनीस, एका व्यापारी पेढीवर जन्मभर मुनीमगिरी केलेले काका, चष्मा कपाळावर चढवून दप्तर तपासू लागले, तेव्हा मंडपवाल्याला सुतळी आणि खिळ्यांसाठी दिलेल्या अकरा रुपयांचे व्हाउचर फायलीत निघाले, ज्याची नोंद करावयास मी विसरलो होतो. ती नोंद केली, आणि पेटीत अकरा रुपये जास्त झाले. काकांनी माझ्याकडे पाहिले. तूट मी समजू शकतो, पण ही वाढ कोठून आली, असा त्यांचा प्रश्न होता. मी खरे काय ते सांगितले. माझ्या प्रामाणिकपणाची ते वाखाणणी करतील ही माझी अपेक्षा फोल ठरली. नोंदीवाचून पेटीत आलेला पैसा हा नोंदीवाचून गेलेल्या पैशाइतकाच वाईट, असे सांगून त्यांनी ते अकरा रुपये माझ्याकडून आले व मला परत केले, अशा दोन्ही नोंदी माझ्याच हस्ताक्षरात करवून घेतल्या, आणि वार्षिक सभेत त्या मोठ्याने वाचून दाखविल्या.

उरलेल्या शिलकीवर मंडळाचे वर्ष चालते: जूनमध्ये वह्यावाटप, कोजागरीचे दूध, दिवाळीत पोरांचे किल्ले, अधूनमधून रक्तदान शिबिर. चिंचपोकळीच्या १९२० साली स्थापन झालेल्या मंडळासारख्या मोठ्या संस्थांनी पुस्तकपेढीसारखे भरीव कार्य केले. १९३४ पासून चालत आलेल्या लालबागच्या राजाच्या मंडळाने २०२० च्या साथीत मूर्ती न बसविता रक्त व रक्तद्रव्य दानाचा आरोग्योत्सव केला, हे मी मनापासून गौरवाने नमूद करतो. तथापि एक कुरकुर केल्यावाचून राहवत नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने मंडळांचे हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या नजरेखाली आणले, ते इष्टच झाले. पण कायद्याला जमेची बाजू दिसते, जमेचा उगम फारसा दिसत नाही. कमानीवरील एका जाहिरातीचे पैसे जेव्हा साऱ्या चाळीच्या वर्गणीहून अधिक होतात, तेव्हा हिशेब चोख राहूनही एक फरक पडतोच: कार्यकर्ते तिसऱ्या मजल्यावर चढेनासे होतात. वर्गणीच्या निमित्ताने त्यांना कळत असे की अमक्याची नोकरी सुटली आहे, तमक्याकडे आजारपण आहे, कोपऱ्यातील दार दोन दिवस उघडलेले नाही. जाहिरातदार हे सांगत नाही. गिरणी संपाच्या काळात, १९८२ नंतर, कोणत्या घरी दाणापाणी नाही याची बिनचूक यादी आमच्याजवळ होती. ती कोणी पाहणी करून तयार केलेली नव्हती, त्या वर्षी ज्यांच्या स्थळप्रती कोऱ्या राहिल्या त्यांचीच ती यादी होती.

आमची चाळ आता पाडावयाची आहे. करारनामे झाले आहेत. निम्मी बिऱ्हाडे डोंबिवली-विरारकडे आधीच गेली, तरी प्रतिष्ठापनेच्या सकाळी पहिल्या गाडीने येऊन पाटापाशी उभी राहतात, आणि अनंत चतुर्दशीला चौपाटीच्या वाळूत, लोकमान्यांच्या पुतळ्याजवळून मूर्ती नेताना खांदा देतात. त्यांची वर्गणी मोबाइलवरून येते. नव्या खजिनदार मुलीने त्यासाठी ठिपक्यांचा चौकोन छापून मंडपात लावला आहे. परंतु पैसे पोहोचल्याची घंटी वाजली, की ती पावतीपुस्तक उघडून हाताने पावती लिहिते, आणि गावाला गेलेल्याची पावती त्याच्या शेजाऱ्याकडे ठेवते. नव्या इमारतीच्या नकाशात मंडळासाठी एक खोली दाखविली आहे. ट्रंक तिच्या दारातून आत जाते की नाही, हे आम्ही टेप लावून पाहिले, जाते.

यंदाचा जमाखर्च जिन्याखालील फळ्यावर लावला आहे. कोणाची हरकत असल्यास त्याने पंधरा दिवसांच्या आत खजिनदारांकडे लेखी कळवावे.