चापाचा चढ (लेखांक सातवा)

मुठीविषयी या खेपेस लिहीन, असे कबूल केले होते. परंतु साताऱ्याकडील एका सेवानिवृत्त फौजदारसाहेबांच्या पत्राने तो बेत लांबणीवर टाकणे भाग पाडले. त्यांची पृच्छा अशी, की कोल्टचा चाप मऊ म्हणून त्याची एवढी ख्याती असता, दोन्ही रिव्हॉल्व्हरे हाताळल्यावर त्यांचे बोट मात्र स्मिथ अँड वेसनच्याच बाजूने कौल का देते? प्रश्न मार्मिक आहे. चाप किती पौंडांनी सुटतो एवढ्याने तो सुटत नाही. ते पौंड बोटावर कोणत्या क्रमाने येतात, हे पाहावे लागते.

१९५५ साली निघालेल्या कोल्ट पायथनचे बाजूचे झाकण काढले, की आत इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची एकच कमान दिसते. तिची वरची भुजा घोड्याला जोर देते आणि खालची एका तरफेवाटे चापाला पूर्ववत पुढे आणते. एकाच कारकुनाकडे दोन खात्यांची दफ्तरे सोपवावीत, तसा हा कारभार आहे. प्रारंभी चाप विलक्षण हलका येतो. पण दोन्ही भुजा जसजशा एकमेकींजवळ येतात, तसतसा विरोध वाढत जाऊन अखेरच्या टप्प्यात बोटाला स्पष्ट चढ लागतो. याउलट स्मिथच्या मॉडेल १० मध्ये घोड्याची पट्टीसारखी कमान मुठीत उभी असते व चाप परतविण्याचे काम तिच्यापुढील सरकत्या ठोकळ्यातील स्वतंत्र वळीदार कमान करते, म्हणून ओढ आरंभापासून अखेरपर्यंत बहुतांशी एकसारखी राहते. हे दोन्ही कारखाने, हार्टफर्डचा आणि स्प्रिंगफील्डचा, कनेक्टिकट नदीच्याच काठी वाढलेले. तरी कोल्टचे काडतुसांचे चक्र मागून पाहता उजवीकडे फिरते आणि स्मिथचे डावीकडे!

कोल्टच्या चढाचे चाहतेही पुष्कळ आहेत. चक्र खाचेत अडकल्याचा बारीक ‘खट्’ कानी पडताच ते बोट थांबवितात, माशी नेमून घेतात आणि उरलेला केसभर प्रवास सावकाश पुरा करतात. निवांत निशाणबाजीत हे शोभते. घाईच्या प्रसंगी मात्र त्या विसाव्यातच बोट अधीर होते आणि नळी खाली झुकते, म्हणून पोलिसी कामास ही सवय मला तितकीशी पसंत नाही. अमेरिकन नेमबाज एड मॅकगिव्हर्न याने १९३२ साली ०.४५ सेकंदात पाच गोळ्या झाडल्या, त्या स्मिथच्या रिव्हॉल्व्हरने, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे.

कोल्टची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. घोडा पडतेवेळी चक्र फिरविणारा अंकुश चक्राला दाबूनच धरतो, त्यामुळे चक्रात किंचितही हालचाल उरत नाही. पण त्याच दाबाने अंकुश झिजतो आणि मग मेळ बिघडतो. पायथनची ख्याती पुष्कळशी जुन्या कारागिरांच्या हातघाशीची होती, आणि तशी घाशीव कारागिरी लाभलेला स्मिथही अत्यंत गुळगुळीत चालतो. रशियाच्या १८९५ च्या नागां रिव्हॉल्व्हरची तर या पंगतीत गणनाच नको. त्याचा चाप घोडा उचलता उचलता सबंध चक्रही नळीकडे रेटतो, आणि बोटाची दमछाक होते.

मधल्या बोटाच्या पेरावर चापाच्या कड्याचा ठोसा का बसतो, हे मुठीच्या प्रकरणात येईल. तोवर फौजदारसाहेबांनी खरी काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून, चक्र दोनदा तपासून, नकली काडतुसांवर दोन्ही चाप डोळे मिटून ओढून पाहावेत आणि कौल बदलला की काय ते कळवावे.