मुक्कामाची एसटी

आमच्या गावात रात्री एसटी मुक्कामाला यायची आणि सकाळी सहाला सुटायची. गावाचं घड्याळच ते! साडेपाचला आई चुलीपुढे, मी गोठ्यात शेण काढायला. उशीर झालाच तर शेजारच्या काकू पारावरून ओरडायच्या, "थांबवा ओ, पोरगी येतेय!" आणि कंडक्टरकाका खरंच थांबायचे. मग भाजीच्या पाट्या, शहरात शिकणाऱ्या कुणाचा तरी डबा आणि खिडकीसाठी आमची भांडणं.

विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत, म्हणून तर माझं कॉलेज परवडलं. यंदा ती मुक्कामी गाडी बंद झाली. मुलं बाइकवर जातात. काकूंची धाकटी मात्र बारावीनंतर घरीच बसलीय. तिच्यासाठी "थांबवा ओ" म्हणायला आता गाडीच नाही.