कर्णनाद आणि दांतांचें औषध

गेल्या कार्तिकांतील गोष्ट. रात्रीं मंडळी निजानीज झाल्यावर मला बाहेर रातकिडे फार ओरडत आहेत असें वाटलें, म्हणून शेजारीं निजलेल्या नातवास म्हटलें, "खिडकी लावून घे रे." तो म्हणाला, "आजोबा, खिडकी लावलेलीच आहे, आणि किडे कोठें ओरडताहेत?" मीं दोन्ही कानांवर हात दाबून पाहिले. आवाज कमी होण्याऐवजीं अधिकच स्पष्ट झाला. रातकिडे बाहेर नसून आंत आहेत हें तेव्हां उमगलें.

जन्मभर संस्कृत शिकविलेल्या मास्तराला अशा वेळीं प्रथम काय आठवावें? हठयोगप्रदीपिकेच्या चौथ्या उपदेशांत नादानुसंधान सांगितलें आहे. समुद्र, मेघ, भेरी यांपासून किंकिणी, वेणु, भ्रमर येथपर्यंत साधकास ऐकूं येणाऱ्या नादांची तेथें श्रेणी लावलेली आहे. सांगावयास लाज वाटते, पण चार दिवस मी स्वतःस अर्धा योगी समजत होतों. पांचव्या दिवशीं जागरणानें डोकें ठणकूं लागलें आणि योग आटोपला. मग सुश्रुत उघडला. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत कानाचे २८ रोग गणले आहेत आणि त्यांत कर्णनाद व क्ष्वेड हे दोन निरनिराळे धरले आहेत. आमच्या वैद्यकानें भेरी, मृदंग, शंख असे नाना ध्वनि पहिल्याकडे दिले व वेणूसारखा एकसुरी आवाज दुसऱ्याकडे दिला. वर्णन इतकें तंतोतंत कीं लिहिणाराचेच कान वाजत असावेत असें वाटावें.

एकत्र कुटुंबांत दुखणें बोलून दाखविलें कीं औषधांस तोटा नसतो. घरांतून लसणीच्या दोन पाकळ्या तिळाच्या तेलांत कढवून आल्या. वहिनींनीं तुळशीचा रस सुचविला. शेजारच्या काकूंनीं रुईचें पिकलें पान तूप लावून शेकावें व त्याचा रस कानांत पिळावा अशी कृति सांगितली. ती कर्णशूलावर ग्रंथांतरींहि आहे, पण कर्णशूल म्हणजे कर्णनाद नव्हे, आणि रुईचा चीक डोळ्यांत उडाला तर काय अनर्थ होतो हें ज्यानें पाहिलें आहे तो ती कानांत घालण्यापूर्वीं दहादां विचार करील. लसणीच्या तेलाचा प्रयोग मीं पांच रात्री केला. आवाज होता तसाच राहिला. पांचव्या रात्रीं मात्र तेल अंमळ गरम राहिलें होतें. तें आंत जातांच सारें घर गरगर फिरूं लागलें, आणि पलंगाचा कठडा धरून मी मुकाट्यानें पडून राहिलों.

या गरगरण्याचा इतिहास मोठा मौजेचा आहे. व्हिएन्ना येथें डॉ. रॉबर्ट बारानी नांवाचे कर्णवैद्य रोग्यांचे कान पाण्यानें धूत असत. पाणी थंड असलें तर रोग्यास घेरी येई व बुबुळें एका दिशेस हिसके देत. पाणी फार ऊन असलें तरी घेरी येईच, पण बुबुळें उलट दिशेस हलत. अंगाच्या उष्णतेइतकें कोमट असलें कीं कांहींच होत नसे. कानाच्या आंत तोल सांभाळणाऱ्या नलिका आहेत, त्यांतील रस उष्णतेच्या फरकानें हलतो, हें त्यांनीं यावरून ताडलें, आणि पुढें १९१४ सालचें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें. आमच्या आज्या तेलाचा थेंब आधीं मनगटावर टाकून पाहात, त्याचें मर्म मला साठी उलटल्यावर कळलें.

तेलाची खरी योग्यताहि येथें सांगून टाकतों. कानाचा पडदा शाबूत असेल तर तेल पडद्यापाशींच थांबतें. नाद उत्पन्न होतो तो शंखाकृति भाग पडद्याच्या फार पलीकडे, हाडांत आहे. तेव्हां तेलानें मळ मऊ होतो एवढेंच, आणि मळाच्या बोळ्यामुळेंच कान वाजत असतील तर तेवढ्यानें गुणहि येतो. पडदा फाटलेला असेल, कान वाहात असेल, तर मात्र कोणताहि रस आंत घालूं नये. कित्येक घरीं दंतवैद्यानें दिलेलें क्लोरहेक्झिडिनचें मुखधावन "जंतुनाशकच आहे ना!" म्हणून कानांतहि घालतात. फाटक्या पडद्यांतून तें आंत उतरलें तर ऐकूं येणेंच कायमचें जाण्याचा धोका आहे.

शेवटीं मिरजेची वाट धरली. १८९४ सालीं डॉ. वानलेस यांनीं तेथें रुग्णालय उघडलें, तेव्हांपासून आमच्या बाजूच्या लोकांचें पाऊल दुखण्यांत आपोआप मिरजेकडे वळतें. कानतज्ज्ञांनीं मळ काढला, पडदा पाहिला, आणि एका बंद खोलींत बसवून निरनिराळ्या उंचीचे सूर ऐकविले. खालचे सूर मला ठीक ऐकूं आले, वरचे फार थोडे. म्हणजे खरे रातकिडे मला कित्येक वर्षें ऐकूंच येत नसले पाहिजेत. डॉक्टर म्हणाले कीं, कानाकडून वरचे सूर येईनासे झाले म्हणजे मेंदु आपली ग्रहणशक्ति वाढवून तें रितेपण भरूं पाहतो, आणि तोच हा नाद. निरोगी माणसासहि पूर्ण शांततेंत कांहीं ना कांहीं ऐकूं येतें. १९५३ सालीं हेलर व बर्गमन यांनीं चांगलें ऐकूं येणारे ८० लोक ध्वनिरहित खोलींत बसविले, तेव्हां १०० पैकीं ९४ या प्रमाणांत लोकांनीं कसला ना कसला आवाज ऐकूं आल्याचें सांगितलें. डॉक्टरांनीं मग विचारलें, "औषधें कोणतीं घेतां?" मीं हृदयासाठीं रोज घेत असलेली ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिनची गोळी सांगितली. दुसरें कांहीं नाहीं, असेंहि सांगितलें.

हें उत्तर खोटें होतें, पण तें खोटें आहे हें मला ठाऊक नव्हतें. आपण जें गिळतों तेंच औषध, जें चोळतों तें नव्हे, अशी आपली समजूत असते. दोन महिन्यांपासून माझी एक दाढ हलत होती, आणि कोणा स्नेह्याच्या सांगण्यावरून मी गंधपुऱ्याचें तेल कापसाच्या बोळ्यानें दिवसांतून चारदां हिरडीस लावीत होतों. वास सुरेख, ठणका लगेच थांबे. उरलेलें तेल सकाळ-संध्याकाळ गुडघ्यांस. धाकटी सून औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर आहे. एके दिवशीं फडताळ आवरतांना तिच्या हातीं ती बाटली लागली. "नाना, हें तुम्ही तोंडांत घालतां?" तिनें विचारलें. बाटलीवर 'केवळ बाह्योपयोगासाठीं' असें छापलें होतें. तोंड हें बाह्य कीं आभ्यंतर, यावर मीं थोडा शास्त्रार्थ करून पाहिला, तो चालला नाहीं.

गंधपुरा हें नीलगिरि व खासी टेकड्यांत होणारें झुडूप. त्याचें तेल म्हणजे जवळ जवळ निव्वळ मिथाइल सॅलिसिलेट. चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर तेल, हें ॲस्पिरिनच्या ३२५ मिलिग्रॅमच्या सुमारें २१ गोळ्यांबरोबर होतें. लहान मूल तेवढ्यानें दगावूं शकतें. ज्या घरांत रांगतें मूल आहे त्यांनीं ही बाटली कोठें ठेविली आहे तें हा लेख बाजूस ठेवून आधीं पाहावें. आणि सॅलिसिलेटाचा व कानाचा संबंध वैद्यकांत फार जुना आहे. विलो, म्हणजे आमच्या नदीकांठच्या वाळुंजाच्या जातीचें झाड. त्याच्या सालीनें ताप उतरतो असें एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकानें १७६३ सालीं लिहून ठेविलें. १८७६ पासून संधिवाताच्या तापावर सॅलिसिलेटें देऊं लागले, आणि पुढें ॲस्पिरिनच्या काळांतहि डॉक्टर संधिवातांत रोग्याचे कान वाजूं लागेपर्यंत मात्रा वाढवीत, मग किंचित् उतरवीत. कान हीच त्यांची तागडी! क्विनाईननें कान वाजतात हें तर हिवतापाच्या काळांतील प्रत्येक घरास ठाऊक होतें.

मुक्या प्राण्याचे कान वाजतात हें कसें ओळखावें? १९८८ सालीं यास्त्रेबॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ती युक्ति काढली. पिंजऱ्यांत एक आवाज सतत चालूं ठेवावयाचा, आणि तो थांबला कीं उंदरास बारीकसा विजेचा झटका द्यावयाचा. थोड्याच दिवसांत शांतता झाली कीं उंदीर पाणी पिण्याचें थांबवीत. मग त्यांस सॅलिसिलेट टोंचलें. आतां बाहेरचा आवाज थांबला तरी उंदीर पाणी पीतच राहिले, कारण त्यांच्या लेखीं शांतता झालीच नव्हती. हें वाचलें त्या रात्रीं त्या उंदरांविषयीं मला बंधुभाव वाटला.

तेल बंद करण्यापूर्वीं मीं एक वही घातली. रोज रात्रीं १० वाजतां पंखा बंद करून नादास १० पैकीं गुण द्यावयाचे. तेल चालूं असतांना आठवडाभर ७ व ८ गुण पडले. तेल तोंडाचें व गुडघ्याचें दोन्ही बंद केलें, तेव्हां चौथ्या दिवशीं ५, आठव्या दिवशीं ४. सॅलिसिलेटाचा नाद बहुधा दोनतीन दिवसांत ओसरतो, त्याच्याशीं हें जमतें. परंतु येथें परीक्षकहि मीच आणि विद्यार्थीहि मीच, तेव्हां असल्या गुणपत्रिकेवर कितपत विसंबावें हें शिक्षक वाचकांस निराळें सांगावयास नको. खात्रीसाठीं तेल पुन्हां लावून पाहावें असें मनांत आलें होतें. सुनेनें बाटली आधींच मोरींत ओतली होती. हृदयाची गोळी मात्र डॉक्टरांनीं बंद करूं दिली नाहीं. तेवढ्या अल्प मात्रेनें सहसा कान वाजत नाहींत, आणि ती आपल्या मनानें सोडणें जिवावर बेतूं शकतें. नेहमींच्या दंतमंजनांत वा मुखधावनांत वासापुरतें सॅलिसिलेट असतें, त्यासहि मी उगीच नांवें ठेवणार नाहीं. दोष शुद्ध तेलाचा चौपट अतिरेक करणाराचा.

दांत व कान यांचा दुसराहि एक संबंध आहे. वाचकांपैकीं ज्यांचे कान वाजतात त्यांनीं दांत घट्ट आवळून पाहावें. पुष्कळांस नादाची पट्टी बदललेली जाणवेल. जबड्याच्या मज्जातंतूचे धागे मेंदूंत ऐकण्याच्या केंद्रापर्यंत पोंचतात. हलत्या दाढेमुळें मी एका बाजूनेंच चावीत होतों व झोपेंत दांत खात होतों. दाढ काढली, त्याचाहि उपयोग झाला असावा. आमच्या माधवनगरास मागांचा खडखडाट आहे. त्यांत उभें आयुष्य काढलेल्या कित्येकांचे कान वाजतात, आणि तें ते नशिबावर सोडून देतात. मोठ्या आवाजानें आलेला बहिरेपणा कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टांत कळविण्याजोगा व्यवसायरोग म्हणून होता. तरुणांनीं कानांत बोळे घालावे, हसणारे हसोत.

या सर्व खटाटोपांत एक गोष्ट अकल्पितपणें बाहेर आली. आमची आक्का, माझी थोरली बहीण, ७८ वर्षांची. तिला मशेरीची संवय लग्नानंतरची. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजावयाची, चुरावयाची, आणि बोटानें दांतांस लावून ओसरीवर बसावयाचें, दिवसांतून चारपांचदां. आमच्या भागांत हें इतकें घरोघरचें कीं यास व्यसन म्हणावें असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. सरकारनें १९९२ सालीं दंतमंजनांत व टूथपेस्टमध्यें तंबाखू घालण्यास बंदी केली, पण स्वतःच्या तव्यावर कोण बंदी घालणार? तंबाखूंतील निकोटिन रक्तवाहिन्या आंवळतें, आणि आंतल्या कानास रक्त पुरविणारी धमनी एकच, तीहि केसासारखी बारीक. धूम्रपान करणारांत कर्णनाद अधिक आढळतो तो यामुळेंच असावा. मीं हें आक्कास समजावून सांगत होतों, ती माझ्याकडे पाहात राहिली, आणि म्हणाली, "बाळ, माझ्या कानांत टाळ वाजतात, वीस वर्षें झालीं. मला वाटलें म्हातारपणीं देव आठवण करून देतो." वीस वर्षें एका घरांत राहून तिनें हें कोणास सांगितलें नव्हतें, आणि आम्हीं कोणी विचारलें नव्हतें.

तिला मिरजेस नेऊन आणलें. एकाच कानांत नाद, नाडीबरोबर ठेका धरणारा नाद, घेरी, किंवा एका दिवसांत एकाएकीं ऐकूं येईनासें होणें, यांपैकीं कांहींहि नव्हतें हें सुदैव. यांतील शेवटल्या लक्षणांत तर तेलरस करीत एक दिवसहि घालवूं नये. तोंडांत चट्टे नाहींत हेंहि तेथें पाहून घेतलें. मशेरीनें कानाहून आधीं तोंडाचा घात होतो, आणि तो कर्करोगाचा असतो.

उरलेल्या चार गुणांवर मला दोन उपाय लागू पडले. एक कानांतील श्रवणयंत्र. बाहेरचे वरचे सूर पुन्हां येऊं लागले कीं मेंदूस रितेपण भरावें लागत नाहीं. दुसरा घरगुती. निजतांना पूर्ण शांतता नको, नादाहून किंचित् हलका असा कांहीं आवाज असावा. मीं उशाशीं अभिषेकपात्र टांगून खालीं तांब्याचें घंगाळ ठेविलें होतें. "अहो, तें देवाचें आहे," असें घरांतून सुनावण्यांत आल्यावर बूड भोंकाचें मडकें आणलें. थेंबांचें टपटपणें ऐकतां ऐकतां डोळा लागतो.

वही अजून चालूं आहे, आणि तींत आतां दुसरा रकाना आक्काचा आहे. मशेरी चारांवरून एकावर आली, ती एक सकाळची. पहिले दिवस ती फार चिडचिडी झाली, हेंहि मीं नोंदलें. काल रात्रीं तिनें ६ गुण दिले. गेल्या आठवड्यांत ८ होते, म्हणून मीं विचारलें, "आक्का, टाळ कमी झाले काय ग?" ती म्हणाली, "टाळ तेवढेच आहेत रे. तुझ्या मडक्यानें माझी झोप मोडते, त्याचे दोन कापले."