सर्पविष आणि चिपवरील रक्तवाहिनी

जुन्नर व आंबेगांव हे पुणें जिल्ह्याच्या उत्तरेकडील तालुके. माणिकडोह, येडगांव व डिंभे या धरणांच्या पाण्यावर येथें ऊंस, कांदा व टोमॅटो पिकतात. विजेच्या वेळापत्रकामुळें शेतकऱ्यास पुष्कळदां रात्रींच पाणी द्यावें लागतें, आणि भिजल्या सरींत पाऊल टाकतांना नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसें यांपैकीं एखाद्याशीं गांठ पडते. 2000 ते 2019 या काळांत भारतांत सर्पदंशानें दरसाल सुमारें 58,000 माणसें दगावलीं, असा अंदाज 2020 सालीं प्रसिद्ध झाला.

दंशावरील खरें औषध म्हणजे प्रतिविष. घोड्यांना थोडथोडें विष टोचून त्यांच्या रक्तापासून तें तयार करतात. त्याची शक्ति पारखण्याची रूढ रीति अशी कीं, उंदरांना विष व प्रतिविष देऊन त्यांतील किती जगतात तें मोजावयाचें. या रीतीनें मृत्यु मोजला जातो. परंतु विषानें प्रथम काय बिघडविलें, आणि केव्हां, हें कळत नाहीं.

ही उणीव भरून काढण्याचें एक साधन म्हणजे ‘चिपवरील अवयव’. बोटभर लांबीच्या पारदर्शक पट्टींत केसासारखे बारीक पाट काढून त्यांत जिवंत मानवी पेशी वाढवितात व पोषक द्रव खेळता ठेवतात. हार्वर्ड येथील संशोधकांनीं 2010 सालीं या रीतीनें श्वास घेणारें फुप्फुस रचलें. 2024 सालीं नेदरलँड्समधील संशोधकांनीं चिपवर रक्तवाहिनी घडवून तींत चार सापांचें विष तपासलें. त्यांत भारतीय नागाचेंही होतें.

परंतु डोळ्यांना दिसणारी हानि ही बहुधा उशीरा दिसते. म्हणून चिपमध्येंच विद्युत्-रासायनिक संवेदक बसविण्याचे प्रयत्न चालू आहेत. एका प्रकारांत वाहिनीच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंस इलेक्ट्रोड ठेवून अतिसौम्य प्रवाह सोडतात. पेशी एकमेकींस घट्ट बिलगून असल्या तर विजेस होणारा विरोध मोठा असतो. त्यांच्यांत फट पडली कीं तो उतरतो. धरणाच्या भिंतीस तडा गेल्याचें वर्तमान, पाणी खालच्या गांवांत शिरण्यापूर्वींच मिळावें, तसाच हा प्रकार.

दुसरा प्रकार पेशींचा श्वास व आहार पाहतो. प्राणवायु अपुरा पडला कीं पेशी लॅक्टिक आम्ल अधिक सोडतात. प्लॅटिनमवर लावलेलें विशिष्ट विकर या आम्लापासून हायड्रोजन पेरॉक्साइड उत्पन्न करतें. त्याचें प्लॅटिनमवर विघटन होतांना जो प्रवाह वाहतो, त्यावरून आम्लाचें प्रमाण कळतें. साखर मोजण्यासाठीं विकराची हीच युक्ति लिलंड क्लार्क यांनीं 1962 सालीं योजिली. मधुमेही घरीं वापरतात तीं यंत्रें तिचींच वंशज होत.

खरी अडचण पुढेंच आहे. द्रवांतील प्रथिनें इलेक्ट्रोडवर सायीसारखीं जमतात व प्रवाह क्षीण होतो. मग आंकडा बदलला तो पेशी बिघडल्या म्हणून, कीं इलेक्ट्रोड मळला म्हणून, हें उमगत नाहीं. सर्पविष मुख्यतः प्रथिनांचेंच मिश्रण असल्यानें ही पंचाईत दुणावते. यासाठीं इलेक्ट्रोडवर बारीक छिद्रांचा पापुद्रा चढवितात, शेजारीं विकर नसलेला दुसरा इलेक्ट्रोड तुलनेस ठेवतात, आणि ठराविक प्रमाणाच्या द्रवानें मधून मधून पडताळा घेतात. 2017 सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं यकृत व हृदय यांच्या पेशींच्या चिपवर संवेदकांचा पृष्ठभाग आपोआप शुद्ध करून पुन्हां वापरण्याची व्यवस्था केली व कांहीं दिवस सतत नोंदी घेतल्या.

भारताच्या औषधपरीक्षणविषयक नियमांत 2023 सालीं अशा चिपांना स्थान मिळालें आहे. चिप कोणाचा दंश उतरविणार नाहीं. पण कोणतें प्रतिविष कोणत्या विषास किती वेळांत आंवरतें, हें मरणाची वाट न पाहतां सांगण्याचें सामर्थ्य तिच्यांत येऊं शकेल. तोंवर रात्रींच्या पाळीला हातांत बॅटरी, पायांत बूट, आणि दंश झाल्यास मांत्रिकाकडे न जातां तडक रुग्णालय, हाच मार्ग.